पालथा हात

काका मे महिन्यात स्वेटर घालत. बिनबाह्यांचा, विटकरी रंगाचा, खांद्यावर उसवलेला. कर्जतच्या मे महिन्यात दुपारी कुत्री नळाखालच्या ओल्या जागेवरून हलत नाहीत, आणि हा माणूस अंगणात खुर्ची टाकून, उन्हाकडे पाठ करून पेपर वाचत बसलेला असे. कुणी हटकलंच, तर चष्म्यावरून बघत म्हणत, "उकडतंय? याला उकडणं म्हणतात होय?"

खोपोलीच्या एका कारखान्यात, भट्टीखात्यात, त्यांची चौतीस वर्षं गेली होती. शेवटची काही वर्षं फोरमन म्हणून. रिटायर झाले त्या दिवसापासूनच त्यांना थंडी वाजायला लागली, असं काकू सांगत. "घरी आले ते कुडकुडतच. मला वाटलं ताप आहे. ताप कसला, भट्टी नव्हती समोर."

मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मिरजेकडची मी. कर्जतच्या एका लहानशा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले होते. काकांचं घर एकमजली, वर एक सुटी खोली आणि बाहेरून जिना. खोली बघायला गेले, तर काकांनी ती दाखवायच्या आधी माझीच मुलाखत घेतली.

"काय करता आपण?"

"व्यायाम शिकवते पेशंटना. शेक देते."

'शेक' म्हटल्याबरोबर त्यांनी पेपर खाली ठेवला. "कशानं देता?"

"लाल दिवा असतो. इन्फ्रारेड."

"किती वॅटचा? किती अंतरावरून?" मी सांगितलं. "आणि पुरे झालं हे कळतं कसं?"

"पेशंट सांगतो ना, चटका बसतोय म्हणून."

काकांनी मान हलवली. "पेशंट काय सांगणार! त्याला आयुष्यात कधी उष्णतेशी काम पडलंय का?" मग उजवा हात पालथा करून माझ्यासमोर धरला. रुंद, काळसर, जागोजाग चकाकणारे जुने चट्टे असलेला हात. "हा सांगतो. भट्टीचं दार उघडायच्या आत हा सांगायचा, आत काय चाललंय ते."

खोली मिळाली. त्या दिवसापासून मी त्यांची 'शेकबाई' झाले. "शेकबाई, जेवलात का?" "शेकबाई, आज उशीर?" माझं नाव त्यांनी एकदाही उच्चारलं नाही.

तो पालथा हात ही कर्जतमधली एक प्रसिद्ध चीज होती. काका रस्त्यानं जाताना इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी थांबत, इस्त्रीवर वीतभर अंतरावरून हात फिरवत आणि म्हणत, "सुती चालेल. टेरिकॉट घेऊ नकोस आत्ता." स्टेशनाच्या बाहेरच्या वडेवाल्याकडे तर रोजचा शिरस्ता. कढईवर हात धरायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "अजून दोन मिनिटं. तेल आळसावलंय." वडेवाला खरोखर दोन मिनिटं थांबायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर म्हणायचा, "काका बोलले ना, थांबा जरा."

माणसंही ते उष्णतेवरून ओळखत. त्यांच्या मते उष्णता तीन जातींची. एक चावरी, म्हणजे लगेच तापते, लगेच विझते. दुसरी चढणारी, जी तापत तापत जाते आणि मग आवरत नाही. तिसरी मुरणारी. आमच्या रुग्णालयाचे मोठे डॉक्टर चावरे, गल्लीतले नगरसेवक चढणारे. "आणि काकू?" मी एकदा विचारलं.

काका जरा घुटमळले. "तिचं काय सांगू? तिचा मी विचार केला नाही कधी."

काकू आतून तांदूळ निवडत ऐकत होत्या.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. खालापूरच्या बाजूच्या गावांत त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आता ग्रामपंचायतीत, कारखान्यांत, टेंपोंच्या स्टिअरिंगवर सगळीकडे होती, आणि त्या सगळ्यांचं अक्षर सारखंच वळणदार होतं. काकूंचं स्वतःचं अक्षर मात्र मोडलं होतं. सांधेदुखीनं बोटं वाकली होती. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मुठी उघडत नसत. पावसाळ्याचे चार महिने तर विचारूच नका, इथली हवाच मुळी ओल्या पंच्यासारखी. मी संध्याकाळी कामावरून आले की त्यांच्या हातापायांचे व्यायाम करून घेत असे. त्याबद्दल त्यांनी मला जेवायला वाढलं नाही असा दिवस आठवत नाही.

परवा, इतक्या वर्षांनी, माझ्या शेलूच्या दवाखान्यात एक तरुण जोडपं आलं. नव्या सोसायटीत फ्लॅट घेतलेलं. घरात इन्फ्रारेड सॉना बसवायचा आहे, हीटर कुठला घ्यावा, म्हणून मोबाईलवर तीन चित्रं दाखवत होते. लाल काचेची नळी, सिरॅमिकची कांडी, कार्बनचं पॅनेल. मी त्या चित्रांकडे बघत राहिले. काकांच्या मागच्या पडवीत मी वर्षभर याच तीन वस्तूंमध्ये जगले होते.

त्याचं असं झालं. मुंबईच्या कुणा गृहस्थानं नदीपलीकडे बंगला बांधला होता, त्यात एक लाकडी खोली होती. आत बसायचं, हीटर लावायचे आणि घाम काढायचा. त्याची वायर सारखी उडायची, म्हणून कुणीतरी काकांना बोलावून नेलं. काकांनी वायर दुरुस्त केली आणि चाचणी म्हणून वीस मिनिटं आत बसले. परत आले ते तरतरीत चेहऱ्यानं.

"शेकबाई, परत कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं हो! आपण करू या. हिच्यासाठी."

काकू म्हणाल्या, "अहो, कर्जतमध्ये घाम यायला खोली कशाला लागते?"

"घामासाठी नाही गं. सांध्यांसाठी. ही उष्णता हवेला तापवत नाही, थेट अंगात शिरते. विचार शेकबाईंना."

मी हो म्हटलं, पण लगेच पुढचंही सांगितलं, की शेकानं हा आजार जात नाही, थोडा आराम पडतो. डॉक्टरांना विचारून, बेतानं घ्यायला हवा. काकांनी त्यातलं 'हो' तेवढं घेतलं.

मागच्या पडवीत, पूर्वी जिथं पाणी तापवायचा बंब असायचा, तिथं काम सुरू झालं. लाकूड म्हणून रसायनीच्या भंगारवाल्याकडून यंत्रांच्या पाइनच्या पेट्या आल्या. खालापूरकडचा महादू सुतार आला. काकूंचा विद्यार्थी. त्यानं नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"काका, ह्यात बसायचं कुणी?"

"तुझ्या बाईंनी."

"नि काय करायचं?"

"घाम गाळायचा."

महादूनं पेन्सिल कानामागे खोचली. "आमच्या शेतावर या ना. तिथं आपसूक गळतो. ह्ये खोकं कशाला हवं?"

"तू रंधा मार," काका म्हणाले.

खोकं पंधरा दिवसांत उभं राहिलं. आत दोन माणसं बसतील एवढा बाक, काचेचं दार, भिंतीला हवेचा थर्मामीटर. अडलं ते हीटरपाशी. बाजारात तीन जाती, आणि काका म्हणजे काही कुणा दुकानदाराचं ऐकून वस्तू घरात आणणारा माणूस नव्हे. त्यांनी तिन्ही आणल्या, आणि त्या मिळवण्यातच वर्षाचा बराचसा भाग गेला. काचेच्या नळ्या कुठल्याशा जुन्या रूम हीटरच्या. सिरॅमिकच्या कांड्या, जाड खडूसारख्या, पण हातभर लांब, एका रंगकामाच्या कारखान्यातून ओळखीनं मिळवलेल्या. आणि कार्बनचं पॅनेल मुंबईहून मागवलेलं. दिसायला शाळेतल्या फळ्यासारखं, काळं आणि सपाट.

मग पापडांचा प्रयोग झाला. काकूंनी वर्षाचे पोह्याचे पापड लाटून घेतले होते. काकांनी त्यातले दोन डझन मागितले आणि प्रत्येक हीटरसमोर दोरीवर चिमट्यांनी ओळीत टांगले. शेजारपाजारचे लोक बघायला जमले. लाल नळी लावल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मधला पापड भाजून फुलला आणि कडेचे तसेच ओले. सिरॅमिकसमोर मधले चार खरपूस झाले. कार्बनच्या फळ्यासमोर अर्धा तास काहीच झालं नाही. मग सगळे पापड एकदम, एकसारखे, वाळून कडक झाले, पण भाजला एकही नाही.

"बघितलंत?" काका म्हणाले. "नळी चावरी. सिरॅमिक मुरणारी. आणि हा फळा म्हणजे उन्हात टाकलेली गोधडी! यात उष्णता आहे कुठं?"

"पण पापड तर यानंच सगळे सारखे वाळले," मी म्हटलं.

"शेकबाई, आपल्याला पापड वाळवायचे नाहीत."

सिरॅमिक ठरलं. काकांना त्याचं प्रेमही होतं. भट्टीच्या आतलं अस्तर त्याच मातीचं असतं म्हणे. त्यांनी सहा कांड्या बसवल्या. चार पाठीमागे, दोन बाकाखाली, पोटऱ्यांना शेक मिळावा म्हणून. पुढे जाळी लावली, ती कुठवर ठेवायची हे पालथ्या हातानं ठरवलं. कांड्या लाल होत नव्हत्या. पांढुरक्याच राहत, नुसत्या ठेवलेल्या असाव्यात तशा. काकांनी हात धरून बघितला, जाळी दोन बोटं आत सरकवली, पुन्हा हात धरला, पुन्हा सरकवली.

"थर्मामीटर काय म्हणतोय?" मी विचारलं.

"तो हवेचं सांगतो. हवेशी आपल्याला काय करायचंय?" हे बरोबर होतं. या हीटरांची मुख्य ऊब हवेत नसतेच. म्हणून मीही गप्प बसले. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो. शिकलेली होते मी.

पहिल्या आठवड्यात काकू रोज संध्याकाळी आत बसत होत्या. काका बाहेर स्टुलावर, हातात घड्याळ. "कसं वाटतंय?" ते काचेतून विचारत. "छान," काकू सांगत. काकांचा चेहरा फुलून येई. मला आठवडाभर रुग्णालयात जास्तीचं काम होतं, व्यायाम घ्यायला जाता आलं नव्हतं. रविवारी गेले. काकूंना पाय लांब करायला सांगितला, तर त्या लुगडं घट्ट धरून बसल्या.

"आज हातांचेच करू या."

"काकू, काय झालंय?"

"काही नाही गं."

मी लुगडं बाजूला केलं. डाव्या पोटरीवर दोन आडव्या, लालभडक रेघा. एकीवर फोड आलेला, फुटलेला. जाळीचं माप तिथं उमटलं होतं.

"हे कधीचं?"

"दुसऱ्या दिवशीचं." मग हळूच म्हणाल्या, "त्यांना सांगू नकोस."

"काकू! इतके दिवस तुम्ही भाजलेला पाय घेऊन परत तिथंच बसताय?"

"पाय जरा आडवा धरते. जमतं." त्या पडवीकडे बघत होत्या. "अडतीस वर्षांत त्यांनी माझ्यासाठी बांगडीसुद्धा स्वतः जाऊन आणली नाही. कधी विचारलं नाही, तुला काय हवं. आता वर्षभर खपून एवढं केलंय. आणि मी म्हणू, भाजतंय?"

मी मलम लावलं आणि तशीच पडवीत गेले. काका खोक्यातल्या जाळीचा स्क्रू पिळत होते, हीटर चालू.

"काका, काकूंची पोटरी भाजलीय. हे फार तापतंय."

"शक्यच नाही," ते शांतपणे म्हणाले. "ती हलली असेल, जाळीला टेकली असेल. हे बघा, कोमट आहे." आणि त्यांनी उजवा हात पालथा करून जाळीवर धरला. मी त्याच्या शेजारी माझा हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. तीन आकडेसुद्धा मोजता आले नाहीत. काकांचा हात तिथंच होता. ते माझ्याकडे बघून हसत होते, समजावल्यासारखं. "सवय नाही तुम्हाला."

मग वास आला. केस जळाल्याचा.

काकांनी नाक वर केलं, इकडेतिकडे पाहिलं. "काय जळतंय हो?"

त्यांच्याच हातावरचे केस करपत होते. मी त्यांचं मनगट धरून हात खाली ओढला.

शेक द्यायच्या आधी आम्ही एक साधी चाचणी घेतो. दोन टेस्ट ट्यूब, एकीत गरम पाणी, एकीत गार. पेशंटनं डोळे मिटायचे, आपण कातडीला एकेक लावायची आणि विचारायचं, गरम की गार. मी वर जाऊन माझ्या पिशवीतल्या दोन नळ्या आणल्या. काकांना ओटीवर बसवलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझी परीक्षा?" काका हसले. "घ्या."

डोळे मिटून त्यांनी हात पुढे केला. मी गार नळी लावली.

"गरम," ते ठामपणे म्हणाले.

मी पुन्हा गारच लावली.

"गार."

मग गरम. "गार." मग गरम. "गार... नाही, थांबा. परत लावा." मी परत लावली. ते अंदाजानं म्हणाले, "गरम?"

त्या 'गरम'च्या शेवटी जो प्रश्न होता, तो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"दुसरा हात घ्या," ते म्हणाले. दुसऱ्या हाताचंही तेच. कोपराच्या आतल्या बाजूला लावल्यावर मात्र सगळी उत्तरं बरोबर आली. तोंड, मान, पाठ ठीक होती. फक्त ते दोन हात, मनगटापासून पुढे, गेले होते.

काकांनी डोळे उघडले. "कधीपासून असेल?"

"सांगता येत नाही काका. हळूहळू जातं. बरीच वर्षं झाली असतील."

"बरीच म्हणजे मी कामावर होतो तेव्हासुद्धा?"

मी दोन्ही नळ्या पुसून ठेवल्या. ते उठले आणि अंगणात गेले. दुपारचे चार वाजले असतील. त्यांनी उन्हात उभ्या असलेल्या माझ्या स्कूटीच्या सीटवर हात ठेवला. मग तुळशीवृंदावनाच्या सावलीतल्या बाजूला ठेवला. मग उन्हातल्या बाजूला. मग पत्र्याच्या बादलीवर. एकेका ठिकाणी पालथा हात ठेवायचा, थांबायचं आणि पुढे जायचं. अंगणात जेवढ्या वस्तू होत्या तेवढ्या सगळ्यांना विचारून झाल्यावर ते पायरीवर बसले. काकूंनी मला खुणेनं सांगितलं, जा वर. मी गेले.

त्या रविवारी जिन्यात बसून मी विचार केला तो असा, की मग वडेवाल्याचं तेल काकांना कसं कळायचं? इस्त्री कशी कळायची? आणि लक्षात आलं, की काका हात धरत खरे, पण तेलाचा आवाज त्यांच्या कानात असे. ओल्या कापडावर इस्त्री टेकताना उठणारा वास असे. भट्टीच्या फटीतून दिसणारा रंग असे. चौतीस वर्षं त्यांना डोळे, कान आणि नाक सांगत आले, आणि मान हाताला मिळत गेला. पापड त्यांनी बरोबर ओळखले, कारण पापड रंग बदलतो. लाल नळीत ते कधी चुकले नसते, कारण ती लाल होते. सिरॅमिकची कांडी मात्र तापली तरी पांढरीच राहते, आवाज करत नाही, वास देत नाही. तिथं खरोखर हातच लागत होता, आणि तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकांनी वायर काढून टाकली आणि महादूला निरोप धाडला, खोकं मोडून ने. काकूंशी ते बोलले नव्हते. पोटरीकडे बघायचंही टाळत होते. महादू हातोडी घेऊन आला, तेव्हा मी कामाला निघत होते.

"महादू, थांब," काकू म्हणाल्या. आवाज असा, की महादूची पाठ आपोआप ताठ झाली. वर्गातला आवाज असावा तो. "हे खोकं कुणासाठी केलंय?"

"तुमच्यासाठी, बाई."

"मग मला विचारलंस का, मोडू का म्हणून?"

"काका बोलले..."

"काकांनी तरी विचारलं का?"

महादूनं हातोडी पाठीमागे लपवली. "बाई बोलतात ते बराबर हाय, काका."

काका पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. "भाजलीस तू. माझ्यामुळं."

"भाजले. आणि सांगितलं नाही, ही माझी चूक. आता तुमच्या हाताला कळत नाही ना? मग माझ्या अंगाला कळतं ते विचारा. तिन्ही हीटर पुन्हा लावा. मी बसते, मी सांगते."

डाग बरा होईपर्यंत मी थांबायला लावलं. त्यानंतर एकेक आठवडा एकेक हीटर. काकूंनी एक जुनी वही काढली आणि वाकड्या बोटांत पेन धरून रोजचे गुण लिहिले, दहापैकी. ती वही मी पाहिली आहे. लाल नळीपुढे: 'चार. पेट्रोमॅक्ससमोर बसल्यासारखे. डोळे दिपतात. पुढून भाजते, मागून गार.' सिरॅमिकपुढे, जाळी हातभर लांब सरकवून आणि बाकाखालच्या कांड्या काढून: 'साडेपाच. ऊब चांगली, पण एकाच जागी. आमच्या हेडमास्तरांसारखी, एकालाच धरून ओरडते.' कार्बनच्या फळ्यापुढे, तसेच आणखी मागवून भिंतींना चार आणि पायाशी एक लावून: 'आठ. तापायला अर्धा तास लागतो. मग कुणीतरी पाठीशी येऊन बसल्यासारखे वाटते. बोलत नाही.'

काकांनी वही वाचली आणि चष्मा काढला. "आठ? अगं, याच्यात काय आहे? गोधडीच ही!"

"मला गोधडीच हवी होती," काकू म्हणाल्या. "भट्टी तुम्हाला हवी होती."

महादूनं खाली बघून रंध्याचं पातं पुसायला घेतलं. मग काका हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "शेकबाई," ते म्हणाले, "ऐकलंत? हे हिनं मला वर्षापूर्वी सांगितलं असतं, तर पापड तरी वाचले असते."

"वर्षापूर्वी तुम्ही विचारलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

कार्बनची पॅनेलं कायमची बसली. काकूंचा आजार बरा झाला नाही, तो होणारच नव्हता. पण त्या पावसाळ्यात, ओलीनं भिंती पाझरत असताना, एके दिवशी काकू मला जिन्याखालून हाका मारत राहिल्या. मी धावत खाली आले, तर दारात ताठ उभ्या. "बघ," म्हणाल्या. काय बघायचं ते मला कळेना. "हुक. ब्लाउजचे हुक मी लावलेत. सगळे." तासाभरानं बोटं पुन्हा आखडली. पण तो तास त्यांना रोज मिळायला लागला. त्यात त्या भाजी चिरत, वेणी घालत, गुणांची वही लिहीत. शेक एवढंच देतो. मी माझ्या पेशंटना हल्ली हेच सांगते, आणि ते जरा हिरमुसतात.

काका मात्र बरेच दिवस बाहेर पडले नाहीत. पडले तेव्हा मी बरोबर होते. वडेवाल्यानं सवयीनं कढईपासून बाजूला सरून जागा करून दिली. "या काका, बघा हात लावून."

काकांनी दोन्ही हात मागे बांधले. "हात रिटायर झाला रे," म्हणाले. मग कान जरासा कलता करून उभे राहिले. "सोड आता. बोलतंय तेल."

वडे उत्तम झाले होते.

माझं लग्न ठरलं आणि मी शेलूला आले. लांब काही नाही, पण आपलं घर, आपलं काम, जाणं कमी होत गेलं. काका गेले त्यालाही आता दोन वर्षं झाली. काकू भाच्याकडे असतात. फोनवर बोलतात, अजून माझ्या व्यायामांची चौकशी त्याच करतात, मी करायची ती राहून जाते.

दोघांना एकत्र मी शेवटचं पाहिलं ते एका डिसेंबरात. काका तापातून उठले होते, फार खंगले होते. मी गेले तेव्हा पुढचं दार उघडं आणि घरात कुणी नाही. मागून काकूंचा आवाज आला, म्हणून पडवीत गेले. काका खोक्यात बसले होते, खांद्यावर पंचा, गुडघे जवळ घेतलेले. बाहेर स्टुलावर काकू नव्हत्या. त्याही आत, त्यांच्या शेजारी, बाकावर होत्या. दार थोडं उघडं ठेवलं होतं. त्यांनी आपल्या वाकड्या बोटांचा हात काकांच्या पाठीवरून फिरवला, मग पॅनेलसमोर धरला, मग पुन्हा पाठीवर ठेवला.

"आता चांगलं तापलंय," त्या म्हणाल्या. काकांनी त्यांच्या हाताशेजारी आपला पालथा हात पॅनेलसमोर धरला. दोघांचे हात शेजारी शेजारी होते. "कळतंय का काही?" काकूंनी विचारलं.

"हाताला नाही कळत," काका म्हणाले. "पण तू म्हणालीस ना तापलंय? मग तापलंय."

मी आल्याचं दोघांनाही कळलं नव्हतं. मी तशीच मागे फिरले आणि पुढच्या ओटीवर जाऊन बसले, त्यांचं होईपर्यंत.